दारउघड्यांचा नैवेद्य

चैत्र लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कांदा पसरला जातो. मोशीत आता शेतं शोधावी लागतात, पण चाकणच्या बाजारातून पोत्यानं उन्हाळी कांदा आणायचा आणि वर्षभरासाठी सुकवून ठेवायचा ही सवय काही घरांची अजून सुटलेली नाही. लिफ्टमध्ये सालींचा उग्र वास दिवसभर कोंडून राहतो. खाली चौकात गावोगावच्या यात्रांचे फ्लेक्स लागतात, एकावर एक, दोऱ्यांनी खांबाला आवळलेले. कंपनीची बस सिग्नलला थांबते तेवढ्यात मी ते वाचून काढते. आमच्या गावच्या यात्रेचा फ्लेक्स आला की नजर जरा थांबते आणि मग पुढच्यावर जाते. आत काही हलत नाही. हलायला हवं असं मात्र दरवर्षी वाटतं.

आई ज्या वर्षी गेली त्या वर्षीचा चैत्रही असाच होता, कोरडा, डोळ्यांत धूळ जाणारा. त्याच्याबद्दल लिहिताना मला नीट दुःख आठवत नाही. आठवतो तो पंख्याचा आवाज, अप्पांच्या पाठकोऱ्या कागदांची चळत, आणि 'वीरगळ' हा शब्द टाईप करताना दरवेळी चुकणारं माझं एक बोट.

आई माघात गेली. झोपेतच. आदल्या दिवशी तिनं मटार सोलून फ्रीजमध्ये ठेवले होते. भेटायला येणारे म्हणायचे, भाग्याची, अहेव गेली, कुणाकडून काही करून घेतलं नाही. एक लांबची मावशी अप्पांचा हात धरून म्हणाली, "मागच्या जन्मीचं देणंघेणं संपलं की जीव असा अलगद सुटतो, भाऊजी." अप्पांनी पिंपरीच्या एका कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला. एरवी त्यांनी त्या मावशीला समोर बसवून पुनर्जन्माची कल्पना कुठून आली, कशी बदलत गेली, सगळं सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली. मला आठवतंय, मीसुद्धा हलवली.

मी तेव्हा कासारवाडीला भाड्यानं राहत होते. आई गेल्यावर सामान उचललं आणि मोशीला अप्पांकडे आले. माझं काम चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीमध्ये. एखादा पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आला की तो का तुटला ते शोधायचं. का तुटला, तर वेल्डिंग कच्चं. ते कच्चं का, तर करंट कमी. करंट कमी का? असं विचारत विचारत खाली जायचं. कारणाचा रकाना रिकामा ठेवून आमचा रिपोर्ट बंद होत नाही. आईच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले होते, "हार्ट. कधीकधी कारण नसतं हो." मी त्यांना "बरं" म्हणाले होते.

घरात आम्ही दोघं आईबद्दल बोलत नव्हतो. अप्पांच्या पुस्तकाबद्दल बोलत होतो.

पुस्तक आमच्या गावाबद्दलचं होतं. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला आमचं गाव. ग्रामदेवता धारजाई. तिची एक कथा गावात लहान मुलालाही येते. फार पूर्वी गाव लुटायला स्वार आले. आमच्या घराण्याचा मूळपुरुष, म्हाळूबाबा, वेशीत एकटा उभा राहिला आणि लढून पडला. पण दुसऱ्या एका घरातल्या माणसानं गावकुसाचा मागचा दरवाजा आतून उघडला, आणि स्वार तिथून शिरले. म्हणून यात्रेत देवीचा पहिला मान आमच्या घराचा. आणि ज्यानं दार उघडलं त्याच्या वंशाकडं देवीनं पाठ फिरवली. त्या घराला अख्खं गाव 'दारउघडे' म्हणतं. त्यांचं खरं आडनाव मला दहावीच्या बोर्डाच्या यादीत पहिल्यांदा दिसलं. यात्रेला सगळ्या घरांचे नैवेद्य गाभाऱ्यात जायचे. दारउघड्यांचं ताट देवळाच्या पायऱ्यांखाली, एका फरशीवर. तिथं ते ठेवून त्यांच्या घरच्या बाईनं उभं राहायचं. सगळ्या गावाचे नैवेद्य आत जाईपर्यंत.

अप्पांना या कथेचा संशय कधीपासूनचा होता. कंपन्यांसाठी गावचा रस्ता रुंद केला तेव्हा वेशीचा पाया उघडा पडला. अप्पा रोज स्कूटरवरून जाऊन ते खणलेलं बघत उभे राहायचे. त्या पायामध्ये नदीकाठच्या जुन्या देवळाचे फोडलेले चिरे भरलेले होते. म्हणजे देऊळ पडलं, गाव नदीकाठावरून वर सरकलं आणि वेस त्यानंतर कधीतरी बांधली. ज्या काळात ही लढाई झाली म्हणतात, त्या काळात ते देऊळ अजून उभं होतं; इथं वेस नव्हती, गावकूस नव्हतं, आणि उघडायला दारही नव्हतं. वेशीतल्या ज्या दगडाला म्हाळूबाबा म्हणून शेंदूर लावतात, तो वीरगळही अप्पांनी मला एका रविवारी नेऊन दाखवला.

"खालच्या चौकटीत बघ. काय दिसतं?"

"गायी."

"मग? गुरं पळवायला आले होते, त्यांना अडवताना हा पडला. असे दगड गावोगाव आहेत. हा आपल्या घराण्यापेक्षा शेकडो वर्षांनी जुना. आपला कुणीच नाही हा."

त्यांच्या आवाजात आनंद होता. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मी त्या दगडातल्या गायींचे कान मोजत होते.

संध्याकाळी कंपनीतून आले की जेवायचं आणि टायपिंगला बसायचं, असं ठरून गेलं. अप्पा शेजारी खुर्चीत. मी कुठं अडले की त्यांना विचारायची. कथा आली कुठून, या प्रकरणात ते फार जपून चालले होते. दोन्ही घरांत देवीच्या मानावरून वाद झाला असावा, जो जिंकला त्यानं ही गोष्ट सांगायला सुरुवात केली असावी. मी एकदा चुकून 'वाद झाला' असं टाईप केलं. अप्पांनी लगेच थांबवलं. "झाला असावा. पुरावा नाही तिथं 'असावा'च लिहायचं. नाहीतर त्या कथा रचणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय?"

मी 'असावा' केलं. त्या दिवसांत मला हा शब्द बरा वाटायचा. त्यात काही ठाम नव्हतं.

आमच्या घराचा मान थोरल्या काकांकडं. म्हाळूबाबाच नव्हता असं पुस्तकात येणार, तेव्हा त्यांना आधी सांगायला हवं, म्हणून आम्ही गावी गेलो. रस्त्याकडची जमीन कंपनीच्या गोदामाला गेल्यावर काकांनी नवा बंगला बांधला होता. एसी लावून ते क्रिकेट बघत होते. अप्पांनी सगळं समजावून सांगितलं, वेशीचा पाया, वीरगळ, गायी. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"म्हंजी आपला म्हाळूबाबा न्हाईच?"

"नाही, दादा."

"आन त्यांनी दार उघडलं, त्ये बी न्हाई?"

"दारच नव्हतं."

काकांनी रिमोट मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता भडकतात. ते म्हणाले, "आरं, मग लिव्ह की. कोन वाचतंय?" आणि आवाज पुन्हा वाढवला. नंतर काकू आमरस घेऊन आल्या तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले, "सुमे, तुज्या बापाला दुसरं काम न्हाई. करू दे. तेवढंच मन रमतंय."

भांडायची तयारी करून गेलेला माणूस न भांडता परततो, तसे अप्पा परत येताना स्कूटरवर माझ्या मागं बसले होते.

पण त्यांना खरं वाचायला द्यायचं होतं ते शेवंताबाईंना. शेवंताबाई दारउघड्यांच्या घरच्या. लहानपणी अप्पांच्या वर्गात असलेल्या, गावच्या शाळेत जन्मभर शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. भाऊ निगडीला राहायला गेला तो यात्रेलाही यायचा नाही. आईवडिलांनंतर त्या मोठ्या घरात त्या एकट्या. आणि त्यांच्या आईनंतर यात्रेत फरशीपाशी ताट घेऊन त्याच उभ्या राहायच्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, वाटेत भेटलं की वाकून नमस्कार करायचं. यात्रेच्या दिवशी तीच बाई पायऱ्यांखाली उन्हात, आणि तिच्याकडं शिकलेली पोरं ताटं घेऊन तिच्याशेजारून वर. हे दोन्ही एकाच गावात, एकाच माणसाला, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. मलाही लहानपणी वाटलं नव्हतं.

अप्पांनी टाईप केलेल्या पानांची प्रत त्यांना नेऊन दिली तेव्हा ते नवीन शर्ट घालून गेले होते. आपण काहीतरी देणार आहोत अशी त्यांची समजूत होती.

चार-पाच दिवसांनी बाईंचा फोन आला, येऊन जा. त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो. समोरच्या रस्त्यावरून गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर चालले होते, एक गेला की पाण्याचा तांब्या हलायचा. बाईंनी प्रत मांडीवर ठेवली होती. समासात काही ठिकाणी पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या चुका दाखवलेल्या. त्या माझ्या होत्या.

"चांगलं लिहिलंस, दत्ता. कुठं आवाज चढवला नाहीस."

"तुला पटलं?"

"पटलं. पटणारच. तू खोटं लिहायचा नाहीस." मग त्या रस्त्याकडं बघायला लागल्या. "म्हणजे काही झालंच नव्हतं."

"नाही."

"मग माझी आई कशाला उभी होती रे?"

अप्पांनी चष्मा काढला. बाई शाळेत धडा समजावून सांगावा तशा बोलत होत्या, मध्ये न थांबता.

"आई म्हणायची, आपण फेडतोय. आपल्या माणसानं गाव लुटायला दिलं, ते आपण दरसाल थोडं थोडं फेडतोय. कधीतरी फिटंल. एका वर्षी तिला उन्हानं भोवळ आली, तर उठून परत उभी राहिली. का, तर मध्येच सोडलं तर आधीचं वाया जाईल. माझ्या बहिणीचं, कुसुमचं, ठरलेलं लग्न मोडलं, दारउघड्यांची पोरगी नको म्हणून. तेव्हा बाबा म्हणाले, पूर्वजांनी केलं ते आपण भोगायचं. आम्ही कुणी रडलो नाही. कारण होतं ना. आता तू म्हणतोस फेडायला काही नव्हतंच. मग ते सगळं गेलं कुठं?"

"शेवंता, मला वाटलं तुमच्यावरचा डाग…"

"कळतंय मला तुला काय वाटलं. हे खरंच असणार. पण हे घेऊन मी आता काय करू, ते सांग."

ट्रेलर गेला. तांब्या हलला. अप्पा चष्मा पुसत राहिले. मी बाईंकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात आमच्या रिपोर्टमधला तो रकाना आला. कारण चुकीचं लिहिलं असेल तर आम्ही ते खोडून बरोबर लिहितो. नुसतं खोडून ठेवायची सोय त्यात नाही. मला तेव्हा गलबलून यायला हवं होतं. मी चहाचे कप उचलले आणि आत नेऊन विसळून ठेवले.

त्यानंतर बरेच दिवस अप्पांनी कागदांना हात लावला नाही. सकाळी गॅलरीत बसायचे, समोरच्या नव्या टॉवरची क्रेन फिरताना बघायचे. मी कंपनीत जायची, यायची, कुकर लावायची. एका संध्याकाळी ते जेवता जेवता म्हणाले, "एवढी पानं लिहिली मी. लढाई झाली नाही. म्हाळूबाबा नव्हता. दार नव्हतं. सगळं 'असावे', 'नसावे'. यात नक्की घडलेली गोष्ट कोणती, सांग."

मी म्हटलं, "कोणती?"

"हौसाबाई उन्हात उभी राहिली. तेवढीच एक. मी डोळ्यांनी बघितलीय. आणि तीच लिहिली नाही."

हौसाबाई म्हणजे शेवंताबाईंची आई. त्या रात्रीपासून ते शेवटचं प्रकरण लिहायला लागले. त्यात पुरातत्त्व नव्हतं. पापाची कल्पना एका माणसाकडून त्याच्या वंशाकडं कशी सरकते, धर्म तिला कधी आधार देतो आणि कधी नाकारतो, हे त्यांनी लिहिलं. पण प्रकरणाच्या मध्यावर हौसाबाई होती. तिचं हिरवं लुगडं, ताटावर झाकलेलं केळीचं पान, पायाखाली तापलेली फरशी. शिक्षा खरी होती आणि गुन्हा खोटा होता, एवढं मान्य करायला जो इतिहास तयार नाही तो अर्धाच इतिहास, असं काहीसं वाक्य होतं. मी ते टाईप केलं. नाव छापू का, म्हणून त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "छाप. आडनावासकट छाप. खऱ्या आडनावासकट."

आता पुस्तक आमच्या कपाटात आहे. काही प्रती ओळखीच्यांनी नेल्या, कुठंतरी एक परिचय आला, त्यात 'धाडसी' हा शब्द होता. अप्पांना तो आवडला नाही. धाडस कसलं, कुणी विरोधच केला नाही, ते म्हणाले. यात्रेत लाऊडस्पीकरवर कथा अजून सांगतात. अलीकडे त्यात एक फरक पडलाय. म्हाळूबाबा वेशीत उभा राहतो, लढतो, पडतो. पण दार कोण उघडतं ते सांगत नाहीत. भिडेखातर असेल, किंवा वेळ वाचवायला. स्वार आपोआपच आत येतात. बाईंच्या घराण्यावरचा आरोप गेला आणि त्याबरोबर ते घराणंही गोष्टीतून गेलं. याला चूक दुरुस्त होणं म्हणायचं का, मी अप्पांना विचारलं होतं. आता त्यांना नीट दिसत नाही, पेपर मीच वाचून दाखवते. ते म्हणाले, "माहीत नाही गं. पुढचं वाच."

आई गेली त्या वर्षीची यात्रा मात्र मला पुस्तकापेक्षा जास्त आठवते. पुस्तक तेव्हा छापायला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही बाईंकडं होतो. यात्रा कमिटीचा अध्यक्ष आला, तिशीतला मुलगा, कंपनीत लाइन लीडर, बाईंचा विद्यार्थी. पायांना हात लावून म्हणाला, "बाई, उद्या नैवेद्य डायरेक्ट आत घेऊन या. बाहेर नका थांबू."

अप्पा सरसावून बसले. "ठराव केलात?"

"कसला ठराव, सर?"

"म्हणजे हा मोठा निर्णय आहे. गावानं काही चर्चा…"

तो मुलगा गोंधळला. "चर्चा नाय ओ. उद्या ऊन लय आहे, बाईंचं वय झालं, म्हणून म्हटलं. आम्हाला तर वाटायचं, बाई स्वतःहूनच बाहेर थांबतात. गर्दी आवडत नाय म्हणून."

बाईंनी त्याला लाडू दिला. तो खाऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बाई हौसाबाईचं हिरवं लुगडं नाही, आपली नेहमीची सुती साडी नेसून आल्या. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. पायऱ्यांशी आल्यावर त्यांची पावलं जरा मंदावली, का मलाच तसं वाटलं. फरशीवर मोटारसायकली लावलेल्या होत्या. अप्पा खालीच थांबले, गुडघ्यांमुळं. मी बाईंबरोबर वर गेले.

आत रांग होती. ढोल, गुलाल, नारळाच्या पाण्यानं ओला झालेला चौथरा, कुणीतरी मोबाईल वर धरून शूटिंग करणारं. बाईंच्या पुढं एक नवं लग्न झालेली मुलगी होती, तिच्या घरचे तिला सूचना देत होते. मग बाईंची पाळी आली. पुजारी नवीन होता, आळंदीहून शिकून आलेला, त्याला कुणाचं घर कुठलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं ताट घेतलं, देवीपुढं टेकवलं, त्यातली एक पोळी काढून घेतली, ताट परत दिलं. "चला आजी, पुढं चला. लाइन थांबतीय." बाईंना हात जोडायचे होते, पण हातात ताट होतं. मागून रेटा आला. मी त्यांच्या दंडाला धरलं. देवीचा मुखवटा मला दिसला, बाईंना दिसला की नाही कळलं नाही. आम्ही दुसऱ्या दारानं बाहेर.

कुणी बघितलं नव्हतं. खाली अप्पा दोन्ही हात काठीवर ठेवून वर बघत उभे होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं मान पुसली, गळा पुसला. चेहरा लालबुंद झाला होता. "आत फार उकडतं रे, दत्ता. वारा म्हणून नाही. आईला झेपलं नसतं."

आणि पायऱ्यांशी पडलेल्या चपलांच्या ढिगात त्या आपल्या चपला शोधायला लागल्या.